पीटच्या कुंडीतला कार्बन डायऑक्साइड: मुळांचा किती, पीटचा किती?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मृदाशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी १९ सेंमी आतल्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपच्या कुंड्या पीटने, म्हणजे पाणथळ जागेत हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींच्या चोथ्याने, भरल्या. काहींत ज्वारी लावली, काही मोकळ्या ठेवल्या. वर ३० सेंमी उंचीचं बंद झाकण ठेवून ३० अंश तापमानाला मोजलं, तर ज्वारीच्या कुंडीत ३ मिनिटांत कार्बन डायऑक्साइड ४५ पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ४५ भागांनी) वाढला आणि मोकळ्या कुंडीत १७ पीपीएमने. म्हणजे मुळं पीट कुजवतात असं म्हणायचं का? आणि दोन्हींचा वाटा वेगळा कसा काढायचा?

एवढ्या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. ४५ आणि १७ मधला फरक म्हणजे मुळांचा स्वतःचा श्वास, मुळांच्या स्रावांवर जगणाऱ्या जिवाणूंचा श्वास, मुळांमुळे जास्तीचं कुजलेलं पीट, आणि मुळांनी पाणी ओढल्यामुळे आत शिरलेल्या हवेचा परिणाम, अशी सगळ्यांची बेरीज आहे. त्यात तुम्ही घातलेलं पाणी आणि खतसुद्धा असू शकतं. पीटचा साठा कमी होतोय की नाही, हे यातल्या एकाच घटकावरून ठरतं. बाकीच्या घटकांना पीटच्या नावावर टाकलं की निष्कर्ष चुकतो.

आधी एक खात्री करून घ्या: कुंडीत पीटच आहे ना? आपल्याकडे रोपवाटिकेत ‘पीट’ मागितलं की कोकोपीटची वीट हातात येते. तो नारळाच्या सोडणाचा भुसा. त्याला हजारो वर्षं पाण्याखाली साठलेल्या पीटचा इतिहास नाही, आणि त्यावरून पीटजमिनीबद्दल काहीही सांगता येत नाही. आयात केलेलं खरं स्फॅग्नम पीट (स्फॅग्नम हे थंड दलदलीतलं शेवाळ) असेल तर पिशवीवरचा मजकूर वाचा. बागकामासाठी विकल्या जाणाऱ्या पीटमध्ये बहुतेक वेळा सामू (पीएच) वाढवण्यासाठी डोलोमाइट चुना आणि थोडं खत आधीच मिसळलेलं असतं. आम्लधर्मी पीटमध्ये तो चुना विरघळताना कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यात ना मुळाचा हात ना जिवाणूचा. चुना न घातलेलं कच्चं पीटच हवं.

सेंद्रिय कर्ब मोजण्याची इथली नेहमीची पद्धतही पीटला जशीच्या तशी लावू नका. वॉकली-ब्लॅक पद्धतीत १ नॉर्मल डायक्रोमेटचे १० मिलिलिटर जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम कार्बन जाळू शकतात. काळ्या मातीच्या १ ग्रॅममध्ये ५ ते १० मिलिग्रॅम कार्बन असतो, त्यामुळे काम भागतं. १ ग्रॅम पीटमध्ये तो ५०० मिलिग्रॅमच्या घरात असतो. सगळं डायक्रोमेट संपतं, फ्लास्क हिरवागार होतो आणि उत्तर हास्यास्पद कमी येतं. ०.०५ ग्रॅम नमुना घ्या, किंवा सरळ ५५० अंशांवर भट्टीत जाळून वजनातली घट मोजा.

मुळं पीटमध्ये नेमकं काय करतात

पीट साठतं ते कुजणं थांबल्यामुळे. पाण्याने भरलेल्या थरात ऑक्सिजन नसतो. फिनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन लागतो, तो नसला की फिनॉलयुक्त पदार्थ साठत जातात आणि सेल्युलोज वगैरे तोडणाऱ्या दुसऱ्या विकरांनाच दाबून टाकतात. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली याला विकरांची ‘कडी’ म्हटलं. कडी लागलेली असेपर्यंत दार बंद. जगाच्या जमिनीपैकी सुमारे ३ टक्के भागावरच पीट आहे, तरी इतका प्रचंड कार्बन तिथे अडकून पडला आहे, त्यामागचं एक मोठं कारण हेच. आता मूळ या कडीला कुठे कुठे हात लावतं ते पाहा.

पहिली गोष्ट पाणी. झाड दिवसा बाष्पोत्सर्जनाने पाणी ओढतं, रात्री थांबतं. पीटजमिनीतल्या निरीक्षण नळीत पातळी दिवसा उतरते आणि रात्री थबकते, जिन्याच्या पायऱ्यांसारखा आलेख दिसतो. पातळी उतरली की वरच्या थरात हवा शिरते आणि कडी निघते. अकेशियासारख्या जलद वाढणाऱ्या झाडांच्या लागवडीत हा परिणाम मोठा असतो, पण तिथे निचऱ्यासाठी चरही खणलेले असतात. त्यामुळे मूळ किती दोषी आणि चर किती, हे वेगळं काढावं लागतं.

दुसरी गोष्ट हवा, आणि ती उलट्या वाटेने येते. पाणथळ जागेतल्या वनस्पतींच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांतून आलेला ऑक्सिजन या पोकळ्यांतून मुळाच्या टोकापर्यंत जातो आणि थोडा बाहेर झिरपतो. भंडारा-गोंदियाकडे धानाचं रोप उपटून धुतलं की मुळांवर तांबूस थर दिसतो, तो याच झिरपलेल्या ऑक्सिजनने साकळलेल्या लोहाचा. पीटमध्येही मुळाभोवती असंच मिलिमीटरभर जाडीचं हवेशीर आवरण तयार होतं. तिथे फिनॉल ऑक्सिडेजला काम मिळतं, तिथेच मिथेनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतरही होतं. म्हणजे वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हा वाचलेला मिथेन असतो, आणि हवामानाच्या हिशेबात तो तोटा नव्हे. म्हणून पातळी वर ठेवलेल्या कुंड्यांत मिथेन न मोजता केलेला हिशेब अर्धवट राहतो. लोह भरपूर असेल तर आणखी एक गुंता होतो: साकळताना ते सेंद्रिय पदार्थांना स्वतःला बांधून ठेवतं आणि कुजणं काही अंशी अडवतं. ऑक्सिजन आला म्हणजे नेहमीच नुकसान, असं समीकरण इथे चालत नाही.

तिसरी गोष्ट स्राव. मुळांतून साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं पाझरत असतात. हे आयतं खाद्य मिळालं की जिवाणूंची संख्या आणि विकरं वाढतात, आणि मग ते जुन्या, चिवट पदार्थालाही हात घालतात. याला प्रायमिंग म्हणतात. पीटमध्ये याचं मुख्य कारण बहुतेकदा नत्राची भूक असतं. स्रावांत ऊर्जा असते, पण नत्र फारसं नसतं. नत्र पीटमध्ये कोंडलेलं, म्हणून ते मिळवायला जिवाणू पीट फोडतात. याच कारणाने भरपूर नत्रखत दिलेल्या कुंडीत उलटंही घडतं: खायला साखर, शेजारी तयार नत्र, मग कठीण पीटकडे वळायची गरजच उरत नाही. तिथे मुळं असूनही पीटचं कुजणं कमी झालेलं दिसू शकतं.

उणे परिणामाचं आणखी एक कारण बुरशी. मुळांशी सहजीवन करणारी बुरशी नत्र स्वतःच उचलून झाडाला देते आणि कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना उपाशी ठेवते. रूथ गाडगीळ आणि पी. डी. गाडगीळ यांनी १९७१ साली न्यूझीलंडमधल्या पाइनच्या लागवडीवरून हे दाखवलं. जगभरच्या मृदाशास्त्रात त्याला आजही ‘गाडगीळ परिणाम’ म्हणतात, आपल्या विद्यार्थ्यांनी हे नाव ओळखीचं करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. ज्वारीच्या मुळांवरची बुरशी वेगळ्या गटातली, तिच्याकडून हा परिणाम तितका अपेक्षित नाही. थंड प्रदेशातल्या पीटवरच्या झुडपांत मात्र तो लक्षात ठेवावाच लागतो.

आणि एक बाजू विसरली जाते. उष्ण प्रदेशातल्या दलदली जंगलांतलं पीट बरंचसं मुळं आणि लाकूड यांचंच बनलेलं आहे. पाण्याखाली मेलेलं मूळ म्हणजे उद्याचं पीट. मूळ जमिनीतून कार्बन बाहेर सोडतं आणि जमिनीत घालतंही. कोणतं पारडं जड, हे मुख्यतः पाण्याच्या पातळीवर ठरतं. म्हणूनच तुमच्या प्रयोगात पाणी बांधल्याशिवाय, म्हणजे त्याची पातळी स्थिर ठेवल्याशिवाय, मुळांबद्दल एकही वाक्य लिहिता येणार नाही.

पाण्याची पातळी बांधणं

ज्वारीची कुंडी मोकळ्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. दोन्हींना रोज सारखं पाणी घातलं तर आठवडाभरात दोन वेगळ्या जमिनी तयार होतात: एक ओली, एक अर्धी कोरडी. मग आकड्यातला फरक मुळाचा की कोरडेपणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. रोज वजन करून तूट भरणं हा कामचलाऊ उपाय आहे. पण त्यात पातळी दिवसभर खालीवर होते आणि प्रत्येक वेळी पाणी ओतताना पीटमधला साठलेला वायू भसकन बाहेर ढकलला जातो.

त्यापेक्षा मॅरियट बाटली लावा. घट्ट बुचाची बाटली, बुचातून आत गेलेली हवेची नळी, आणि तळाजवळून कुंडीच्या बुडाकडे जाणारी पाण्याची नळी. हवेच्या नळीचं खालचं टोक ज्या उंचीवर, त्याच उंचीवर कुंडीतली पातळी टिकते. सलाइनच्या सेटची नळी या कामाला उत्तम चालते. कुंडीच्या बाजूला तळाशी भोक पाडून पारदर्शक नळी उभी चिकटवा, म्हणजे आतली पातळी रोज डोळ्यांनी दिसेल. भोकाच्या आतल्या बाजूला नायलॉनच्या जाळीचा तुकडा लावायला विसरू नका. पीटचा चोथा नळीत बसला की बाहेरची पातळी बरोबर दिसते आणि आतली खाली गेलेली असते. ही चूक दोन-दोन महिने लक्षात येत नाही.

पातळी पृष्ठभागाखाली २० सेंमी ठेवा. ज्वारीला तेवढी हवा पुरते. पूर्ण भरलेल्या पीटचा अभ्यास करायचा असेल तर ज्वारी सडेल. तिथे धानातल्या तणांपैकी सावा वर्गातलं गवत, म्हणजे इकायनोक्लोआ, वापरा. ते ज्वारीसारखंच सी-४ आहे, म्हणजे हवेतला कार्बन पकडण्याची त्याची रीत सी-३ वनस्पतींपेक्षा वेगळी आहे, आणि ते पाण्यात उभं राहतं. धान स्वतः सी-३ असल्यामुळे पुढच्या समस्थानिक पद्धतीला (जड आणि हलक्या कार्बन अणूंच्या प्रमाणावरून वायूचा स्रोत ओळखण्याला) उपयोगी नाही.

आता पाणी कोणतं? नागपूरच्या अशा प्रयोगात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. बेसाल्टातल्या बोअरच्या पाण्याची क्षारता लिटरला ३०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) असणं नवल नाही. म्हणजे लिटरमागे ६ मिलिमोल बायकार्बोनेट. ४ सामूच्या पीटमध्ये हे पाणी पडलं की जवळजवळ सगळं बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन उडतं. तुमच्या कुंडीचं क्षेत्रफळ सुमारे २८३ चौरस सेंमी. उन्हाच्या दिवसांत ज्वारीच्या कुंडीला मोकळीपेक्षा रोज २५० मिलिलिटर जास्त पाणी लागलं, तर १.५ मिलिमोल कार्बन डायऑक्साइड निव्वळ रसायनातून निघाला. तुमच्या दोन कुंड्यांमधला रोजचा फरक येतो सुमारे ४.४ मिलिमोल. त्याचा एक तृतीयांश भाग बोअरच्या पाण्याचा! शिवाय हे पाणी सामू हळूहळू वर नेतं आणि जिवाणूंचं काम सोपं करतं. म्हणून डिस्टिल्ड पाणी, आरओचं क्षारता तपासलेलं पाणी, नाहीतर छतावरून नीट साठवलेलं पावसाचं पाणी, यांपैकीच एक. जागा बदलली तरी पाणी बदलू नका.

खताचंही तसंच. युरियाच्या वजनात २० टक्के कार्बन असतो आणि तो फुटताना कार्बन डायऑक्साइडच सोडतो, म्हणून युरिया नको. कॅल्शियम नायट्रेट विरघळवून कमी मात्रेत, अनेक हप्त्यांत द्या. पाण्याने भरलेल्या थरात नायट्रेट आणि सल्फेट दोन्ही ऑक्सिजनच्या जागी वापरले जातात आणि थोडा कार्बन डायऑक्साइड वाढवतात. ते टाळता येत नाही, पण मोकळ्या कुंडीलाही तेवढीच मात्रा, त्याच दिवशी दिली की तुलना शाबूत राहते. ज्वारीसाठी सामू ५ च्या वर न्यायचा असेल तर कार्बोनेट चुना टाळून विझवलेला चुना वापरा. तो आधी कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि नंतर सोडतो, त्यामुळे मिसळल्यावर ६ आठवडे सगळ्या कुंड्या तशाच ओल्या ठेवा. मग चिमूटभर पीटवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फेस येत नसेल तरच पेरणी.

मोजताना

झाकण ज्वारीच्या पानांवरून पूर्ण ठेवलं असेल तर खोड-पानांचा श्वासही ४५ मध्ये आला. प्रकाशात, पारदर्शक झाकणाखाली मोजलं असेल तर उलट पानांनी काही शोषून घेतला. दोन अर्धांचं झाकण करून खोडाभोवती बंद करा आणि फट न सुकणाऱ्या मॉडेलिंग क्लेने लिंपा. सिलिकॉन लावायचं असेल तर त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. सावा वापरणार असाल तर याची दुसरी बाजूही पाहा: खोलच्या थरातला वायू त्याच्या पोकळ्यांमधून खोडावाटे निघतो, तो खोडाबाहेर मोजणाऱ्या झाकणाला दिसतच नाही. तिथे संपूर्ण झाड झाकून, अंधारात मोजणंच बरोबर, आणि पानांचा श्वास कापलेल्या पानांवर वेगळा मोजून वजा करावा.

गणित सोपं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच, हवेचा दाब सरासरी ९७७ हेक्टोपास्कल धरा. ३० अंशांना एक घनमीटर हवेत ३८.८ मोल वायू बसतो. तुमचा वेग ४५ भागिले १८० सेकंद, म्हणजे सेकंदाला ०.२५ पीपीएम. त्याला झाकणाची उंची ०.३० मीटर आणि ३८.८ ने गुणा: चौरस मीटरला सेकंदाला २.९१ मायक्रोमोल. मोकळ्या कुंडीचे १.१०. उंची मोजताना झाकणाचा आतला भाग आणि पीटच्या पृष्ठभागावर उरलेली कुंडीची रिकामी कड, दोन्ही धरा. पीट दबून खाली बसत जातं, त्यामुळे ही उंची दर पंधरवड्याला नव्याने मोजावी लागते. ३० च्या जागी ३३ सेंमी झाली आणि तुम्ही जुनाच आकडा वापरला, तर १० टक्के चूक तिथेच.

स्वस्त इन्फ्रारेड सेन्सरचा मूळ आकडा ४०-५० पीपीएमने चुकीचा असला तरी चालतो, कारण आपल्याला चढ हवा आहे. मात्र झाकणाखालची आर्द्रता पहिल्या मिनिटात झपाट्याने वाढते आणि वाचन विस्कटतं, म्हणून पहिली ३० सेकंदं सोडून द्या. आत संगणकाचा छोटा पंखा बसवा, पण वारा पीटवर थेट येऊ देऊ नका, नाहीतर तो छिद्रांतली हवा बाहेर काढतो आणि आकडा फुगतो. सेन्सर नसेल तर अल्कलीची जुनी पद्धत आहेच: सोडियम हायड्रॉक्साइडची वाटी आत ठेवायची, २४ तासांनी बेरियम क्लोराइड घालून आम्लाने टायट्रेशन करायचं. १ नॉर्मल अल्कलीचा खर्च झालेला प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ६ मिलिग्रॅम कार्बन. निम्म्याहून जास्त अल्कली खर्च होऊ देऊ नका, आणि तळ बंद केलेल्या रिकाम्या पाइपमध्ये ब्लँक, म्हणजे तुलनेसाठी तशीच अल्कलीची वाटी, रोज ठेवा.

तापमानाकडे दुर्लक्ष झालं तर बाकी सगळी काळजी वाया जाते. दर १० अंशांना कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो असं धरलं, तर २५ वरून ३० अंशांवर जाताना तो १.४ पट होतो. ज्वारीची पानं स्वतःच्या कुंडीवर सावली धरतात, मोकळी कुंडी उन्हात तापते. परिणामी मुळांचा परिणाम खोटाच कमी दिसतो. सगळ्या कुंड्या ५० टक्के शेडनेटखाली ठेवा, पाइपना बाहेरून चंदेरी फॉइल गुंडाळा, मोकळ्या कुंड्यांवर पानांएवढी सावली देणारी जाळी ताणा आणि १० सेंमी खोलीचं तापमान प्रत्येक मोजणीसोबत लिहा. मे महिन्यात नागपुरात हा प्रयोग करूच नये. पारा ४५ च्या पुढे जातो आणि कुंडीतलं पीट अशा तापमानात असतं जे खऱ्या पीटजमिनीला कधीच भेटत नाही.

वाटा वेगळा काढणं

ज्वारीची निवड इथे खरी कामाला येते. सी-४ वनस्पतींच्या कार्बन-१३ चं डेल्टा मूल्य (या जड कार्बनचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा किती वेगळं, याचं माप) उणे १३ प्रति हजारच्या आसपास असतं, सी-३ वनस्पतींचं उणे २७ च्या आसपास. स्फॅग्नम सी-३ आहे. म्हणजे पीटचा कार्बन आणि ज्वारीचा कार्बन यांवर निसर्गानेच वेगळे शिक्के मारलेले आहेत. बाहेर येणाऱ्या वायूचं मूल्य काढलं की वाटणी होते: एकूण मूल्यातून पीटचं मूल्य वजा करा, मुळाच्या मूल्यातून पीटचं मूल्य वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा.

उदाहरणादाखल समजा, बाहेर येणाऱ्या वायूचं मूल्य उणे २० आलं. ७ भागिले १४, मुळांचा वाटा निम्मा. मग २.९१ पैकी पीटचे १.४६. मोकळ्या कुंडीचे १.१०. फरक ०.३६, म्हणजे मुळांमुळे पीटचं कुजणं ३२ टक्क्यांनी वाढलं. आता मुळांच्या वायूचं मूल्य उणे १३ नसून उणे १४ होतं असं धरा. मुळांचा वाटा ५४ टक्के होतो, पीटचे १.३४ उरतात आणि वाढ २२ टक्क्यांवर येते. एका एककाच्या चुकीने निष्कर्षाचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून पुस्तकी मूल्यं वापरू नका. त्याच ज्वारीची धुतलेली मुळं कार्बन डायऑक्साइड काढून टाकलेल्या हवेच्या बाटलीत तासभर ठेवा आणि त्यांच्याच श्वासाचं मूल्य मोजा. पीटचं मूल्यही मोकळ्या कुंडीतून निघणाऱ्या वायूवरून घ्या, कारण घन पीट आणि त्यातून निघणारा वायू यांत थोडा फरक असतो.

वायूचे नमुने झाकणातून ० ते २० मिनिटांत ५ वेळा, १२ मिलिलिटरच्या निर्वात कुप्यांमध्ये घ्या. सुरुवातीची बाहेरची हवा प्रत्येक नमुन्यात मिसळलेली असते. आडव्या अक्षावर तीव्रतेचा व्यस्तांक आणि उभ्या अक्षावर डेल्टा मूल्य मांडून रेषा काढली, की ती उभ्या अक्षाला जिथे छेदते ते खरं मूल्य. यालाच कीलिंग आलेख म्हणतात. पीटमध्ये नळी खुपसून छिद्रांतली हवा ओढून मोजण्याचा मोह टाळा. विसरणामुळे आतल्या हवेचं मूल्य बाहेर पडणाऱ्या वायूपेक्षा ४.४ प्रति हजारने वेगळं असतं, आणि वर पाहिलंत की १ चा फरकसुद्धा किती महागात पडतो. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटचं मूल्य पीटपेक्षा बरंच वर, ज्वारीच्या बाजूला असतं. म्हणजे पाणी चुकीचं असेल तर ही नाजूक पद्धत त्या वायूला मुळांच्या खात्यात टाकते. अशी मोजणी करणारी यंत्रं अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेसारख्या मोजक्या ठिकाणी आहेत. तिथली वेळ आधी ठरवा, मग पेरणी करा.

स्फॅग्नमऐवजी निलगिरीतलं पीट वापरण्याचा विचार असेल तर सावध राहा. १९९३ साली निलगिरीच्या पीटवर झालेल्या कामातून दिसलं की तिथे हवामानानुसार कधी सी-३ तर कधी सी-४ वनस्पतींचं वर्चस्व होतं. थराथराला मूल्य बदलतं. हवामानाचा इतिहास वाचायला ती देणगी आहे, पण ज्वारीच्या या प्रयोगासाठी ते पीट चालणार नाही.

शेतात, म्हणजे खऱ्या पीटजमिनीवर, समस्थानिकांऐवजी बहुधा चर मारून मुळं तोडतात. चौकोन आखून ५०-६० सेंमी खोल कापायचं, जाड प्लास्टिक उभं घालायचं आणि आतलं सगळं रोप काढत राहायचं. कोरड्या मातीत हे काही महिन्यांत स्थिरावतं. पीटमध्ये दोन अडचणी येतात. तोडलेली मुळं ओल्या पीटमध्ये सावकाश कुजतात आणि वर्ष उलटलं तरी आकडा फुगवत राहतात. आणि चौकोनात पाणी पिणारं कोणी उरत नाही म्हणून ते जास्त ओलं होतं, त्याने आकडा उतरतो. पहिलीसाठी जाळीच्या पिशव्यांत तोललेली मुळं पुरून त्यांची घट मोजावी, दुसरीसाठी आतबाहेर दोन्हीकडे पातळीच्या नळ्या हव्यातच. कॉलर (झाकण बसवायचं जमिनीत रोवलेलं कडं) रोवताना फक्त २-३ सेंमी आत घाला. १० सेंमी दाबली तर वरची बारीक मुळं कापली जातात आणि तुम्ही नकळत तिथेही चर मारलेला असतो. मोजणाऱ्याने फळीवर उभं राहावं. पीटवर पाय पडला की बुडबुडे निघतात.

तुमचे २.९१ मायक्रोमोल दिवसाला चौरस मीटरमागे ३ ग्रॅम कार्बन होतात, वर्षभर असेच राहिले तर हेक्टरी ११ टन. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या) २०१३ च्या पाणथळ जमिनींवरच्या पुरवणीत निचरा केलेल्या पीटवरच्या तेलपामसाठी दिलेला उत्सर्जनाचा गुणांकही वर्षाला हेक्टरी ११ टन कार्बन आहे, अकेशियासारख्या अल्प मुदतीच्या लागवडीसाठी २०. आकडे जुळले म्हणून त्यांना शेजारी ठेवू नका. तो गुणांक पीटच्या नुकसानीचा आहे, तुमच्या २.९१ मध्ये मुळांचा श्वासही आहे. आणि मुळांचा श्वास म्हणजे त्याच हंगामात पानांनी हवेतून घेतलेला कार्बन परत जाणं, त्याने पीट एका ग्रॅमनेही कमी होत नाही. तुलना करायचीच तर १.४६ ची करा, म्हणजे हेक्टरी साडेपाच टन. प्रत्यक्ष जमिनीवर याचा पडताळा खचण्यावरून घेता येतो: घनता ०.१ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि कार्बन ५५ टक्के असलेल्या पीटचा १ सेंमी थर गेला की हेक्टरी साडेपाच टन कार्बन जातो. जमीन किती खचली आणि त्यातलं दबण्यामुळे किती, हे घनता पुन्हा मोजून ठरवावं लागतं.

नव्याने सुरुवात करायची तर जुलैअखेर कुंड्या भरा आणि चुना मुरू द्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दर आठवड्याला सकाळी ९ ते ११ याच वेळेत मोजा, कारण स्रावांचं प्रमाण आदल्या काही तासांतल्या उन्हावर अवलंबून असतं. ज्वारीच्या ६ आणि मोकळ्या ६ कुंड्या किमान हव्यात. जमलं तर खत न दिलेली आणखी एक जोडी ठेवा, नत्राच्या भुकेचा प्रश्न तिच्याशिवाय सुटत नाही. शेवटी सगळी मुळं ०.५ मिलिमीटरच्या चाळणीवर धुऊन वाळवून तोला. पीटमधले जुने तंतू मुळांसारखेच दिसतात. जिवंत मूळ पांढरट असतं आणि ओढलं तर ताणतं, जुना तंतू तपकिरी असतो आणि तुटतो. चिमट्याने निवडायला एका कुंडीला अख्खा दिवस जातो, तो वेळापत्रकात आधीच धरून ठेवा.